डोंगरातल्या धरणावर फिरायला जाताय? आधी पाणी किती आहे ते बघा

डोंगरात उंचावर धरण, भिंतीमागे लांबपर्यंत निळं पाणी, दोन्ही बाजूंनी उतार थेट पाण्यात उतरलेले, असा फोटो बघितला की मन आपोआप बॅग भरायला लागतं. जा, नक्की जा, मला स्वतःला याच्याइतकी आवडती जागा दुसरी नाही. फक्त निघायच्या आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, हा तलाव माणसाने नदी अडवून केलाय आणि त्याचं पाणी आज वर न्यायचं की खाली आणायचं हेसुद्धा कुणीतरी माणूसच ठरवतो. काठ कुठे असेल, गाळ किती लागेल, तंबू कुठे ठोकायचा, पोहायला परवानगी आहे की नाही, खालच्या नदीत उतरायचं का नाही, सगळं या एकाच गोष्टीवरून ठरतं. म्हणून मी सुरुवात नेहमी पाण्याच्या पातळीपासूनच करतो, हवामान त्याच्यानंतर.

बहुतेक मोठ्या धरणांचा पाणीसाठा रोजच्या रोज जाहीर होतो, कुठे टक्क्यांत, कुठे समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये. टक्क्यांत असेल तर जरा सांभाळून वाचा. डोंगरातली दरी वर रुंद आणि खाली चिंचोळी असते, त्यामुळे जास्तीत जास्त पाणी वरच्या थरातच असतं. ढोबळ हिशोब करून बघा, भिंतीपाशी १०० मीटर खोल असलेल्या अशा तलावातलं निम्मं पाणी संपलं तरी पातळी साधारण २० मीटरच उतरते. ऐकायला कमी वाटतं पण २० मीटर उभे म्हणजे सहा-सात मजली इमारत झाली, आणि काठाचा उतार जर दहा पावलांना एक पाऊल असा हलका असेल तर पाणी तुमच्यापासून २०० मीटर लांब गेलेलं असतं आणि मधे नुसता उघडा काठ. फुगवट्याच्या शेवटी, म्हणजे जिथे नदी तलावात येऊन मिळते तिथे तर तळ इतका सपाट असतो की फोटोत तलाव दिसतो तिथे प्रत्यक्षात माळ दिसतो. बोट किंवा कयाक नेणार असाल तर पाण्यात उतरवायचा काँक्रीटचा उतार सध्याच्या पातळीला पाण्यात आहे का कोरडा पडलाय हे आधी विचारून घ्या, नाहीतर छतावर कयाक बांधून एवढा घाट चढून जायचं आणि उतार गाळात संपलेला बघून परत फिरायचं, हे बऱ्याच जणांचं होतं.

कधी जायचं हे धरण कशावर भरतं त्यावर आहे. पावसावर भरणारं धरण पावसाळा संपता संपता काठोकाठ असतं आणि पुढच्या पावसाआधी सगळ्यात रिकामं. बर्फ वितळून भरणारं धरण उन्हाळ्याच्या सुरुवातीला भरतं, हिवाळ्याच्या शेवटी तळ गाठतं. पूर अडवायला बांधलेलं असेल तर पुराच्या दिवसांआधी ते मुद्दाम खाली केलेलं असतं. आणि एक चौथा प्रकार आहे ज्याच्याबद्दल लोकांना फारसं माहीत नसतं, दोन तलाव असतात, एक वर एक खाली, विजेची मागणी कमी असताना पंपाने पाणी वर चढवायचं आणि मागणी वाढली की ते खाली सोडून वीज करायची. अशा ठिकाणी पातळी एका दिवसात कित्येक मीटर वरखाली होऊ शकते आणि आभाळात ढगाचा तुकडासुद्धा नसताना होते.

नियमांचंही तसंच आहे. निसर्गाने केलेल्या तलावात पोहता येतं म्हणून इथेही येईल असं धरून चालू नका. अमेरिकेत कोलोरॅडोमधलं डिलन जलाशय बघा, जवळपास २,७५० मीटर उंचीवर, शिडाच्या बोटी आहेत, कयाक आहेत, मासेमारी आहे, पण पोहायला वर्षानुवर्षं बंदी राहिली, कारण ते डेन्व्हर शहराचं पिण्याचं पाणी आहे आणि वरून ते पाणी भर उन्हाळ्यातसुद्धा भयंकर थंड असतं. कुठे इंजिनाच्या बोटीला मनाई असते, कुठे कुत्रा पाण्यात न्यायला, कुठे काठावर शेकोटी करायला. मासेमारीचा परवाना बहुतेक ठिकाणी लागतोच. हे सगळं घरी बसून दहा मिनिटांत बघून होतं, तिथे गेल्यावर मोबाइलला रेंज असेलच असं नाही.

आता पोचलात असं धरू.

पाण्याकडे धावण्याआधी दोन मिनिटं उभे राहून समोरच्या काठाकडे बघा. पाण्याच्या वर एक उघडा पट्टा दिसेल, फिकट, भुरकट, त्यावर झाड नाही झुडूप नाही, आणि त्या पट्ट्याची वरची कड अशी सरळ असते जणू कुणी फूटपट्टी लावून रेघ मारलीय. ती रेघ म्हणजे तलाव पूर्ण भरल्यावरची पातळी. ती एकदा ओळखता आली की अर्धं काम झालं. पट्टा जेवढा उंच तेवढं पाणी उतरलंय. आणि त्या रेघेच्या खालची सगळी जमीन तलावाची आहे, आज कोरडी दिसली तरी.

माझं एक बघा. आम्ही चौघं होतो, पाण्यापासून वीस-पंचवीस पावलांवर मस्त सपाट बारीक वाळू सापडली, त्यावर तंबू लावला. पाऊस नाही वारा नाही. पहाटे मला जाग आली ती आवाजाने, अगदी बारीक चपचप, कुत्रं पाणी पितं ना तसा, आणि तो आवाज कानाच्या फारच जवळून येत होता. टॉर्च लावला तर तंबूच्या पुढच्या दोरीचा खुंटा पाण्यात होता आणि बाहेर काढून ठेवलेल्या बुटांपैकी एक तरंगत होता. रात्रीत पाणी चढलं होतं. आम्ही सगळं तसंच उचलून वर पळालो आणि उजाडेपर्यंत दगडांवर बसून राहिलो. ती सपाट वाळू इतकी सपाट का होती हे मला तेव्हा कळलं, पाण्यानेच तिला सारखं केलं होतं. तेव्हापासून तंबू रेघेच्या वरच, मग पाणी आणायला दहा मिनिटं जास्त चालायला लागलं तरी चालेल. रेघेच्या वर पण थेट उभ्या मातीच्या कडेवर नको, कारण लाटा ती कड खालून पोखरत असतात, आणि पातळी झपाट्याने उतरली की ओला काठ आपल्याच वजनाने ढासळतो.

संडासचंही याच हिशोबाने. पाण्यापासून साधारण ६० मीटर लांब, पंधरा-वीस सेंटिमीटर खोल खड्डा, हा नियम सगळ्यांना माहीत असतो पण हे ६० मीटर मोजायचे त्या रेघेपासून, आजच्या पाण्यापासून नाही. नाहीतर आज तुम्ही जिथे पुरलं ते दोन महिन्यांनी तलावात, आणि खाली कुठलं तरी शहर ते पाणी पितं.

गाळाबद्दल जरा सविस्तर सांगतो कारण यात माणसं खरोखर अडकतात. पाणी उतरलं की काठावरचा गाळ वरून वाळतो, त्याला भेगा पडतात, बघायला फरशी बसवल्यासारखा दिसतो, पाय ठेवला तर पहिली काही पावलं धरतोसुद्धा. मग एका पावलाला कवच फुटतं आणि आत लोण्यासारखा मऊ गाळ, पाय गुडघ्यापर्यंत जातो, तो काढायला दुसऱ्या पायावर जोर दिला की तोही जातो. म्हणून भेगांच्या आतला रंग बघा, आत काळपट ओलं दिसत असेल तर पुढे जायचं नाही. ट्रेकिंगची काठी पुढे खुपसून बघा, ती वीतभर सहज आत गेली तर तुम्हीही जाणार. पाण्यापर्यंत जायचंच असेल तर जिथे काठ दगडाचा किंवा खडीचा आहे, उतार तीव्र आहे तिथून जा, गाळ सपाटीला आणि ओढ्यांच्या तोंडाला साठतो. आणि अडकलातच तर उभ्याने झटापट करू नका, मागे बसा, जमलं तर पाठीवर आडवे व्हा म्हणजे वजन पसरतं, पाय हळूहळू हलवत राहा की कडेने पाणी आणि हवा आत शिरते, मग एकेक पाय सोडवून ज्या वाटेने आलात त्याच वाटेने लोळत मागे. मदतीला येणाऱ्याने जवळ धावत यायचं नाही, लांबून दोर, काठी, पॅडल जे असेल ते द्यायचं.

पाण्यात उतरायची खरी वेळ सकाळची. याला कारण आहे, दिवसा ऊन लागून डोंगराचे उतार तापतात, तिथली हवा वर चढते आणि तिची जागा घ्यायला दरीतून खालून वारा वर यायला लागतो. धरणाचा तलाव म्हणजे बुडालेली दरीच, लांबट आणि दोन्ही बाजूंनी भिंती, त्यामुळे वारा त्यात बोगद्यासारखा धावतो. सकाळी सातला आरशासारखं असलेलं पाणी दुपारी दोनला पांढऱ्या फेसाच्या लाटांचं होतं, आणि हे चांगल्या हवेच्या दिवशी, वादळ वगैरे काही नसताना. कयाक किंवा पॅडलबोर्ड असेल तर आधी वाऱ्याच्या विरुद्ध जा, म्हणजे दमल्यावर परत येताना वारा तुम्हाला आणून सोडतो. लोक नेमकं उलटं करतात, जाताना वारा पाठीशी असतो, हात जोरात चालतात, आपण फार भारी वल्हवतोय असं वाटतं आणि परत फिरल्यावर जागेवरून हलत नाही. हवा भरलेले गादीसारखे फ्लोट तर नकोतच, काठावरून आत वाहणारा साधा वारासुद्धा ते पळवतो आणि माणूस ते पकडायला त्याच्या मागे पोहत जातो. लाइफ जॅकेट अंगावर, चेन लावून, पट्टे आवळून. बोटीत पायाशी ठेवलेलं जॅकेट पडल्यावर घालता येत नाही, करून बघा हवं तर, उथळ पाण्यात कुणी सोबत असताना, एकदा केलंत की परत कधी काढून ठेवणार नाही.

थंडीबद्दल. उंचीवर हवा दर १,००० मीटरला साधारण साडेसहा अंशांनी थंड होते आणि पाणी त्याहून फसवं असतं. उन्हाळ्यात वरचे काही मीटर तापतात, कोमट पाणी हलकं म्हणून वरच राहतं, खालचं जड थंड पाणी खालीच, आणि या दोघांच्या मधे बदल एकदम होतो. मी एकदा अशा तलावात सूर मारला नाही, नुसता उभा पोहत थांबलो होतो, छातीपर्यंत छान कोमट आणि पाय खाली सोडले तर घोट्यांना बर्फाची पट्टी बांधल्यासारखं, एवढा फरक एका माणसाच्या उंचीत. वारा आला की हे थर ढवळले जातात, वरचं कोमट पाणी एका टोकाला ढकललं जातं आणि दुसऱ्या टोकाला खालचं थंड पाणी वर येतं, म्हणून काल जिथे मजेत पोहलात तिथे आज अंगावर काटा येऊ शकतो.

१५ अंशांच्या खालच्या पाण्यात अचानक पडलं की पहिल्यांदा श्वास आपसूक आत ओढला जातो, त्याच क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर सगळं तिथेच संपतं. चांगले पोहणारे जातात ते बऱ्याचदा यानेच, गारठून जायला खरं तर बराच वेळ लागतो. लक्षात ठेवायला एक, दहा, एक असा हिशोब आहे, पहिलं १ मिनिट श्वास ताब्यात आणायचं, पुढची साधारण १० मिनिटं हातपाय कामाचे असतात, आणि थंडीने शुद्ध हरपायला १ तासाच्या आसपास. म्हणजे पडलात तर पहिलं मिनिट पोहायचा प्रयत्नच करू नका, पाठीवर या, कान पाण्यात, तोंड वर, नुसते तरंगा, श्वास ताब्यात आला की मग हालचाल. उतरताना पायऱ्या उतरल्यासारखं हळूहळू, चेहऱ्यावर मानेवर पाणी मारून, उडी नको. हृदयाचा त्रास असलेल्यांनी तर अशा थंड पाण्यात उडी मारूच नये.

उडी नको याचं अजून एक कारण आहे. या तलावाच्या तळाशी कधीकाळी जमीन होती आणि त्या जमिनीवर काय काय होतं. इटलीच्या उत्तर टोकाला, आल्प्समध्ये रेझिया नावाचा तलाव आहे, १९५० मध्ये धरणाच्या पाण्याखाली ग्राउन गाव गेलं, चौदाव्या शतकातल्या चर्चचा घंटेचा मनोरा तेवढा आजही पाण्यातून वर उभा दिसतो. २०२१ मध्ये कामासाठी पाणी काढलं तेव्हा गावाचे जिने, भिंती, तळघरं परत वर आली होती. तिथे निदान मनोरा दिसतो, बाकी ठिकाणी काहीच दिसत नाही. झाडांचे बुंधे, कुंपणाच्या तारा, पुलाचे खांब, विहिरी, सगळं पाण्याखाली, आणि गेल्या वर्षी जिथे पाच मीटर पाणी होतं तिथे या वर्षी दीड मीटरच असू शकतं. कुणीतरी सांगतं इथून आम्ही दर वेळी उडी मारतो, पण त्या दर वेळी पातळी काय होती हे त्यालाही आठवत नसतं.

भिंतीच्या बाजूला तरंगत्या पिंपांची किंवा ओंडक्यांची रांग दिसेल, ती ओलांडायची नाही, कितीही शांत दिसलं तरी. पाणी आत ओढणारी तोंडं खाली असतात, वर लाटसुद्धा उठत नाही. सांडव्याच्या काठावरही बसायचं नाही, शेवाळ असतं.

आणि धरणाच्या खालची नदी. मला विचाराल तर अख्ख्या सहलीत सगळ्यात जास्त जपायची जागा हीच आहे आणि लोक सगळ्यात जास्त गाफील इथेच असतात, कारण पाणी घोट्याएवढं, दगड कोरडे, मुलांना खेळायला एकदम छान. वीज करण्यासाठी टर्बाइन चालू झालं किंवा दरवाजे उघडले की हीच नदी काही मिनिटांत भरते. भोंगा वाजतो, पण वळणापलीकडे किंवा धबधब्याच्या आवाजात तो ऐकू येईलच असं नाही. खुणा अशा, पाण्याचा रंग एकदम गढूळ होणं, पाला-काटक्या वाहत येणं, मघाशी कोरडा असलेला दगड आता ओला दिसणं, लांबून घरघर. यातलं एकही दिसलं की सामान सोडा, जो काठ जवळ आहे त्या काठावर चढा, गाडी पलीकडे असली तरी. मधल्या बेटावर तर कधीच पसारा मांडू नका.

विजा. डोंगरात ढग दुपारी तयार होतात, म्हणून पाण्यावरून जेवणाच्या वेळेपर्यंत बाहेर असलेलं बरं. वीज चमकली की मोजा, आवाज ३ सेकंदांत साधारण १ किलोमीटर येतो, ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर ताबडतोब पाण्याबाहेर, गाडीत किंवा पक्क्या इमारतीत, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं परत उतरायचं नाही. एकट्या झाडाखाली किंवा धरणाच्या उघड्या भिंतीवर थांबू नका.

उन्हाचं थोडक्यात, दर १,००० मीटरला अतिनील किरणं साधारण १० टक्क्यांनी वाढतात, थंड वाऱ्यामुळे भाजतंय हे कळत नाही, टोपी आणि सनस्क्रीन ढगाळ दिवशीही. २,५०० मीटरच्या वर राहणार असाल तर पहिल्या दिवशी फार दमू नका, डोकं दुखून मळमळायला लागलं तर अजून वर चढायचं नाही, वाढत गेलं तर खाली उतरायचं.

तलावाचं पाणी तसंच पिऊ नका, स्वच्छ दिसलं तरी. उकळी फुटल्यावर १ मिनिट, २,००० मीटरच्या वर असाल तर ३ मिनिटं, कारण तिथे पाणी ९३ अंशांच्या आसपासच उकळतं. पण काठाला हिरवा रंग सांडल्यासारखा थर दिसला, विशेषतः उन्हाळ्याच्या शेवटी आणि वारा नसताना, तर ते पाणी उकळूनही चालत नाही, त्या शेवाळाचं विष उकळून जात नाही. तिथे पोहायचं नाही आणि कुत्र्याला तर दोरीने धरूनच ठेवा, पाणी पिऊन आणि मग अंग चाटून कुत्री मरतात यात.

हिवाळ्यात गोठलेल्या तलावावर चालायला जाणाऱ्यांसाठी एवढंच, बर्फ कमीत कमी १० सेंटिमीटर जाड, टणक आणि काचेसारखा पारदर्शक हवा, पण धरणावर हा आकडाही पुरत नाही. वर बर्फ धरलेला आणि खालून पाणी सोडणं चालूच असतं, मग बर्फ आधाराशिवाय लटकतो आणि काठापाशी तडकतो. बर्फावर जायला परवानगी असल्याचं तिथल्या माणसांनी स्पष्ट सांगितलं तरच जा.

परत निघताना अर्धा तास हातात ठेवा, सफाईसाठी. झेब्रा आणि क्वागा नावाचे बारीक शिंपले आहेत, त्यांची पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत, बोटीच्या तळाशी राहिलेल्या वाटीभर पाण्यातून एका तलावातून दुसऱ्यात जातात, तिथे धरणाच्या पाइपांत आणि जाळ्यांवर थर धरून ती बुजवतात आणि एकदा आले की काढता येत नाहीत. म्हणून कयाक उलटा करून सगळं पाणी तिथेच काठावर ओता, चिखल आणि पाणवनस्पती हाताने काढा, बुटांचे तळवे घासा, जॅकेटचे पट्टे पिळा, आणि दुसऱ्या कुठल्याही पाण्यात न्यायच्या आधी सगळं कडकडीत वाळू द्या. मी कयाक उलटा करून ठेवतो तोपर्यंत बाकीचे तंबू गुंडाळतात, मग सगळे मिळून काठाने एक फेरी मारतो, आपला आणि आपल्या आधीच्यांचा कचरा पिशवीत भरतो, त्यातही रेघेच्या खालचा आधी, कारण तिथलं उचलायला थोडेच दिवस मिळतात, मग पाणी चढतं.